कडूचे पाच थेंब

मी वर्धा जिल्ह्यातला, आणि माझा सारा जन्म दारू वाढण्यात गेला. एवढं सांगितलं की नागपूरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, "काऊन भाऊ, तुमच्या जिल्ह्यात तं बंदी आहे ना?" आहे ना बाप्पा! म्हणूनच तर नागपूरला जावं लागलं. समुद्र न पाहिलेली पोरं आरमारात जातात, तसा मी बारमध्ये गेलो. हॉटेलात नोकरी आहे असं कोणीतरी सांगितलं. हॉटेल म्हणजे मला वाटलं तर्री-पोहे आणि आलुबोंडा. पहिल्या दिवशी काउंटरमागची बाटल्यांची भिंत पाहिली आणि मनात म्हटलं, दिनकरराव, गेलात तुम्ही कामातून.

गेलो मात्र नाही. टिकलो, आणि गेल्या वर्षअखेर निवृत्त झालो तो मुख्य बारमन म्हणून. आमच्या धंद्यातली माणसं आठवणी सांगायला बसली की कोणत्या नटानं किती घेतली आणि कोणता पुढारी कुठं पडला, हेच सांगतात. ते मी सांगणार नाही. काउंटरवर ऐकलेलं काउंटरवरच पुसून टाकावं, हा आमचा धर्म. मी सांगणार आहे कडू चवीबद्दल. स्कॉच व्हिस्की म्हटली की लोक धुराबद्दल बोलतात, वयाबद्दल बोलतात, किमतीबद्दल तर बोलतातच बोलतात. कडूचं नाव कोणी काढत नाही. आणि माझ्या मते सगळी मजा तिथंच आहे.

कडूशी माझी ओळख घरातली. देवळीजवळ आमचं गाव. थोडं ओलिताचं वावर, त्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि मांडवावर कारली. देवळीच्या बाजारात आमच्या आईच्या कारल्यांना मान होता. कारल्याला मीठ चोळून पाणी पिळून टाकणाऱ्या बायांवर ती खवळायची. "कडूच काढून फेकलं, तं मंग खाऊन काय राह्यली वं? दोडका घे ना त्यापेक्षा!" असं गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, आणि तरीही तिची टोपली सगळ्यांआधी रिकामी व्हायची. घरात ताप आला की किराईताच्या कडूजहर काड्यांचा काढा, पोट बिघडलं की किराईताचा काढा. मी गणितात नापास झालो तेव्हाही किराईताचाच काढा दिला, तो कशावर ते तिलाच ठाऊक. ज्यांनी किराईत घेतलं नाही त्यांना काय सांगू? त्याच्यापुढे कारलं म्हणजे बर्फी.

हे सगळं बारमध्ये कामी येईल असं कोणाला वाटलं होतं?

आमचे बार कॅप्टन नायडू साहेब. घर तेलुगू, पण जन्म नागपूरचा, त्यामुळे बोलणं पक्कं नागपुरी हिंदी. नव्या पोराच्या तळहातावर ते पहिल्याच दिवशी एक तांबूस थेंब टाकायचे आणि म्हणायचे, "चाट." तो थेंब बिटर्सचा. बिटर्स म्हणजे कडू मुळ्या, साली आणि मसाले कडक दारूत कितीतरी दिवस भिजत घालून काढलेला अर्क. तो प्यायचा नसतो. कॉकटेलमध्ये त्याचे चार-दोन थेंब टाकायचे, वरणाला हिंग लावावा तसे. बाकीच्या पोरांनी तोंडं वाकडी केली, एक तर मोरीकडे पळाला. मी चाटलं आणि विचारलं, "साहेब, याच्यात किराईत आहे काय?"

किराईत नव्हतं. युरोपातल्या डोंगरातलं कसलंसं मूळ होतं, पण जातकुळी तीच. नायडू साहेबांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाले, "ये टिकेगा." त्या माणसानं मला पुढं सगळं शिकवलं, आणि शिकवताना एकच गोष्ट शंभरदा सांगितली, "अरे भाई, कडवा भगाना नहीं, कडवा बिठाना है." कडूला हाकलायचं नाही, जागेवर बसवायचं. एवढं एक वाक्य ज्याला कळलं त्याला अर्धा धंदा कळला.

धंद्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. स्कॉचमध्ये कडू येतं ते मुख्यतः लाकडातून. ओकच्या पिंपात ती वर्षानुवर्षं पडून असते, आणि पिंप आतून जाळून काळं केलेलं असतं. लाकूड हळूहळू दारूत उतरतं. थोडं उतरलं तर व्हॅनिला, मध, सुकामेवा असली गोड भाषा बोलतं. फार उतरलं की तीच व्हिस्की, उकळून उकळून काळ्या झालेल्या चहासारखी, घशाला पकडते. म्हणजे वय वाढलं की व्हिस्की चांगलीच होते हा भ्रम आहे. माणसासारखंच, काही पिकतात, काही नुसतीच कडवट होतात. शिवाय काही बेटांवर धान्य वाळवायला दलदलीतली माती जाळतात, तिच्या धुराचा एक वेगळा औषधी कडूपणा असतो. आणि ग्लासात बर्फ घातला की थंडीनं गोडी दबते आणि कडू पुढं येतं. म्हणून "बर्फ जास्त टाक" म्हणणारं गिऱ्हाईक आणि "कडू लागते" म्हणून तक्रार करणारं गिऱ्हाईक बहुधा एकच असतं.

त्या धुराच्या व्हिस्कीवरून एकदा लग्नाच्या पार्टीत मारामारीची वेळ आली होती. मुलीच्या मामांनी फार हौसेनं धुराच्या व्हिस्कीची महागडी बाटली मागवली. नवरदेवाच्या काकांनी एक घोट घेतला आणि ग्लास टेबलावर आपटला. "हे काय देल्लं बे? सेवाग्रामच्या दवाखान्यात माह्या पायाचं ऑपरेशन झालतं, थोच वास येऊन राह्यला!" झालं, बाटली नकली आहे, मुलीकडच्यांनी फसवलं, इथपर्यंत गोष्ट गेली. मामा बिचारे घामाघूम. आता काकांना जाऊन बेटांचा भूगोल सांगण्यात अर्थ नव्हता. मी म्हटलं, "काका, तुमचं नाक एकदम बरोबर आहे. दवाखान्याचाच वास आहे. याची किंमत त्या वासाचीच आहे." आणि त्यांच्या ग्लासात थोडं साधं पाणी, चमचाभर मध आणि नागपुरी संत्र्याच्या सालीचा एक पीळ दिला. साल पिळली की तेलाचा बारीक फवारा उडतो, त्यानं धूर खाली बसतो. काकांनी दुसरा घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "आता डिस्चार्ज भेटला." पुढं त्यांनी ती बाटली कोणाला हात लावू दिली नाही.

आणि आमचे वर्धेचे मास्तर! निवृत्त शिक्षक, पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. दर शनिवारी दुपारच्या गाडीनं नागपूरला यायचे, भाचीकडे जातो असं घरी सांगून. कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचे आणि म्हणायचे, "दिनकर, सगळ्यात कडू असन ते दे." मी त्यांना ओल्ड फॅशन्ड द्यायचो. हे जुनं आणि साधं कॉकटेल. साखर, बिटर्स, व्हिस्की, बर्फ, संत्र्याची साल, बस. मास्तरांसाठी साखर निम्मी आणि बिटर्स दुप्पट. एकदा विचारलं, "मास्तर, इतकं कडू कायले घेता?" ते गंभीरपणे म्हणाले, "गोड लागलं तं मजा वाटते, मजा वाटली तं सवय लागते. कडू असलं का ते औषध. बंदीच्या जिल्ह्यातला माणूस आहो बाबू, आपल्यालेबी काई नियम आहे." वर्षानुवर्षं एका ग्लासाच्या पुढं ते गेले नाहीत. मला या माणसाचं फार कौतुक वाटायचं. चोरीही इतकी शिस्तीत करणारा दुसरा पाहिला नाही.

मी स्वतः पितो का, हे सगळेच विचारतात. चाखतो आणि थुंकतो. हलवाई काय दिवसभर पेढे खातो? नायडू साहेबांनी लावलेली ती शिस्त, आणि तिच्यामागं दुसरं एक कारण होतं. ते म्हणजे आमची आई.

आई गावच्या महिला दारूबंदी मंडळाची अध्यक्ष. हसा, खुशाल हसा. सगळा गाव हसतो, तुम्हीच काय मोठे लागून गेलात!

जिल्ह्यात बंदी आहे म्हणजे दारू नाही असं नाही. हातभट्टी आहे, कॅनमधून येते, शेणखताच्या ढिगात पुरलेली सापडते. आमच्या गावात ती विकायचा शंकर. आई आणि तिच्या मंडळाच्या बाया काठ्या घेऊन त्याचे कॅन शोधून काढायच्या. सापडले की मंडळाचा नियम ठरलेला होता, आणि तो आईनंच केला होता. ज्याच्या घरात सापडली त्या घरच्या कर्त्या माणसाचं नाव मारोतीच्या देवळाच्या भोंग्यावरून घ्यायचं, आणि ज्यानं आणली त्यानं ती पारावर सगळ्यांसमोर आपल्या हातानं मातीत ओतायची. मारायचं नाही, शिवी द्यायची नाही. नाव आणि माती, एवढंच. पोलिसांना न भिणारी माणसं त्या भोंग्याला भ्यायची. शंकरचं नाव इतक्या वेळा झालं होतं की पोरं ते पाठ म्हणून दाखवायची.

तिचा स्वतःचा मुलगा बारमध्ये, हे काय लपून राहणार होतं? शंकर तर भर चौकात म्हणायचा, "मावशे, आधी घरचा भोंगा वाजव!" आई थंडपणे सांगायची, "थो नागपुरात करते, तिथं कायद्यानं चालते. इथं चालत नाई. ज्या दिवशी थो इथं आणन, त्या दिवशी त्याचंबी नाव घेईन." मला तिनं एवढंच सांगितलं होतं, "नागपूरचं नागपुरात ठेवजो." मी घरी आलो की आधी आंघोळ, अंगातला शर्ट बादलीत, मग चहा. माझ्या कामाबद्दल ती कधी वाईट बोलली नाही. चांगलंही बोलली नाही. "कसं चाललं?" असं कामाबद्दल आयुष्यात एकदाही विचारलं नाही. मलाही वाटायचं, विचारून तिनं काय ऐकायचं होतं?

गेल्या वर्षी हिवाळ्यात मुंबईत देशभरातल्या बारमन लोकांची एक स्पर्धा होती. अट अशी, की स्कॉचचं कॉकटेल करायचं आणि त्यातलं बिटर्स स्वतःच्या हातानं काढलेलं पाहिजे. दुकानातलं चालणार नाही. निवृत्तीला थोडेच दिवस उरलेले. बाकीची सगळी पोरं दाढ्या कोरलेली, दंडावर गोंदलेली. त्यांच्यात हा पांढऱ्या मिशीचा म्हातारा. पण मला जायचंच होतं. कपाटात ठेवायला एखादी ढाल तरी मिळावी, असं वाटतच होतं. खोटं कशाला बोलू?

बिटर्स मी किराईताचं केलं. आईकडून मागच्या खेपेला किराईताची जुडी आणली होती. "काऊन रे, पोट बिघडलं काय?" एवढंच तिनं विचारलं होतं. संत्र्याच्या साली हॉटेलच्या गच्चीवर वाळवल्या, आतला पांढरा पापुद्रा थोडा ठेवून, कारण त्याचं कडू सालीच्या तेलाला धरून राहतं. सुंठ, लवंग, जरासा ज्येष्ठमध. हे सगळं एकत्र भिजवत नसतात. किराईत फार लवकर उतरतं आणि बाकीच्यांना खाऊन टाकतं. ते वेगळं, थोडाच वेळ. साल वेगळी, सावकाश. मग दोन्ही गाळून हळूहळू जुळवायचं. कितीदा तरी फसलं. एकदा नुसता काढा झाला, एकदा खोकल्याचं औषध. शेवटी एके दिवशी जमलं. आधी संत्रं, मग सुंठेची ऊब, आणि मग कडू. असं कडू, की जिभेच्या मागच्या बाजूला मांडी घालून बसलं आणि उठायलाच तयार नाही! नायडू साहेब असते तर म्हणाले असते, बैठ गया. मी एकटाच गच्चीवर हसत उभा होतो.

जेवढं जमलं तेवढं एका काळ्या ड्रॉपरच्या बाटलीत भरलं, मेडिकलमध्ये मिळते तशा. वर कागदाची पट्टी चिकटवली, किराईत, संत्रं, सुंठ. मुंबईची गाडी वर्धेवरूनच जाते, म्हणून दोन दिवस आधी घरी गेलो. आंघोळ केली, शर्ट बादलीत टाकला, सगळा नियम पाळला. आणि पिशवीत ती बाटली होती.

आता तुम्ही म्हणाल, एवढं वय झालेला बारमन, त्याला कळू नये? नाही कळलं. आमच्याकडे बिटर्सला कोणी दारू म्हणतच नाही. ते मसाल्याच्या फळीवर असतं, मीठ-साखरेशेजारी. व्हिस्कीइतकंच कडक असतं ते, पण हिंगाच्या डबीला कोणी जेवण म्हणतं का? इतकी वर्षं हाताळून हाताळून माझ्या डोक्यातून ते दारूच्या बाहेरच गेलं होतं. नागपूरचं मी नागपुरात ठेवलं होतं, आणि मसाला घरी आणला होता.

त्या दुपारी मी स्पर्धेसाठी शिवलेला कोट आणायला देवळीला गेलो होतो. तिकडे मंडळाच्या बायांचं आमच्या वावरात रोडग्याचं जेवण होतं. गोवऱ्यांत भाजलेले कणकेचे रोडगे, तुपात बुडवून, बरोबर वांग्याची झणझणीत भाजी. ज्यांनी खाल्लं त्यांना माहीत आहे, उठताना दोघांनी धरून उठवावं लागतं. आईनं माझ्या पिशवीत लाडू ठेवायला हात घातला आणि तिला बाटली दिसली. पट्टी वाचली. बूच काढून वास घेतला, तर संत्र्या-सुंठेच्या वासाखाली दारूचा वास पार बुडालेला. तिचाच काढा! पोरानं इतक्या वर्षांनी का होईना, आईचं औषध बाटलीत भरून आणलं, असं तिला वाटलं. तिनं पाणी कोमट केलं आणि आल्या-गेल्या सगळ्या बायांना पाच-पाच थेंब देऊन टाकले.

मला याचा पत्ता दुसऱ्या दिवशी सकाळी लागला. मंडळातल्या सगळ्यात वयस्क गिरजाबाई कप घेऊन दारात उभ्या. "बाबू, थे थेंबाचं औषध दे ना थोडं. काल घेतलं तं पोट असं हलकं झालं का विचारू नोको. नि झोप कशी लागली माय!"

मी चहाचा कप खाली ठेवला.

गिरजाबाईंना कसंबसं वाटेला लावलं. आई चुलीपाशी बसली होती. ती खुशीत होती. म्हणाली, "दिन्या, लय चांगलं झालं रे. पण मले एक सांग, पाण्यात उकळलं तं सालीचा वास उडून जाते. तुह्या बाटलीत थो जसाच्या तसा आहे. कशात काढलं तू हे?"

इतकी वर्षं तिनं माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. विचारला तो नेमका हा.

"दारूत," मी म्हटलं.

आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "म्या साऱ्यायले देल्लं ना रे."

मी समजावायला लागलो. पाच थेंब म्हणजे काहीच नाही, खोकल्याच्या औषधात याहून जास्त असते, कोणाला कळणारही नाही, गिरजाबाईला सांगू की संपलं. सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "शंकरबी हेच म्हणते. औषधापुरती आहे, कोणाले माईत होते." मग उठून हात धुतले. "दुपारच्या आरतीले सारे येतात. तवा नाव घेईन."

"आणि बाटली?" मी विचारलं. "आई, मुंबईले तेच न्यायचं आहे. पुन्हा काढाले टाइम नाई. दुसरं काही नाई माझ्याजवळ."

मला वाटलं होतं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं बाटली फडक्यात गुंडाळली, लाडवांच्या डब्याशेजारी माझ्या पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "तुह्या पोटाचा धंदा आहे, मले समजते. तुह्यी बस अन् आरती एकाच टायमाले आहे. तुले जायचं तं जाजो. मी काई म्हणणार नाई. पण माहं नाव मी घेईनच."

मी गेलो. नवा कोट हातावर, पिशवी खांद्याला. वर्धेची बस उभीच होती. चढलो, खिडकीजवळ बसलो. पिशवी मांडीवर. मनात म्हणत होतो, तिनंच सांगितलं ना जा म्हणून? तिनंच बाटली ठेवली ना पिशवीत?

भोंगा खरखरला. बसमध्येही स्वच्छ ऐकू येत होतं.

"महिला मंडळाचं सांगणं आहे. नाव, इंदिरा महादेव. घर, मारोतीच्या मांगचं. घरात दारूचा अर्क सापडला. आणला पोरानं, पण घर माहं आहे. काल रोडग्याच्या जेवणावर म्या थो मंडळाच्या बायायले देल्ला, औषध समजून. त्यायचा काई दोष नाई. त्यायचं नाव कोणी घेऊ नये."

तोच आवाज. शंकरचं नाव घेताना असायचा तोच, एका सुरातला. बसमधली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

मग माइकमध्ये शंकरचा आवाज आला. तो पारावरच असणार. "मावशे, पाच थेंबाचं कोणी नाव घेते काय?"

"तुह्या घरी आलतो आम्ही, तवा थेंब मोजले होते काय बे?"

कोणीतरी हसलं. शंकर मात्र सोडायला तयार नव्हता. "मंग बाटली कुठाय? नियमात तं मातीत ओताची असते. का नियम आमच्याचसाठी?"

भोंगा पुन्हा खरखरला.

"बाटली नाई," आई म्हणाली. "म्हणून माहं नाव मी पुन्हा घेते. नाव, इंदिरा महादेव. घर..."

कंडक्टर "काका, काका" करत राहिला. मी उतरलो तो सरळ पाराकडे. पळालो म्हणायचं का? या गुडघ्यांनी जेवढं पळता येतं तेवढं. पारापाशी सगळा गाव. गिरजाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. शंकर हाताची घडी घालून. आणि मध्ये माझी आई, वाकलेली, माइकची वायर पायात, दोन्ही हातांनी माइक धरलेली. मी समोर येऊन उभा राहिलो. पिशवीतून बाटली काढली. तिनं मला पाहिलं, बाटली पाहिली, आणि थांबली. मला वाटलं, आता माइक ठेवेल. तिनं तो आणखी जवळ घेतला.

"एक सांगाचं राह्यलं," ती म्हणाली. "काल औषध म्हणून घेतला. पण आज सकाळी उठल्यावर म्या एकटीनं पुन्हा घेतला. पोट दुखत नोतं. काई दुखत नोतं. पोरानं लय चांगला केलता, म्हणून घेतला."

तिनं हे भोंग्यावरून सांगितलं. गावानं ऐकलं, वावरातल्या माणसांनी ऐकलं, बसमधल्यांनी ऐकलं. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मी बूच काढलं आणि बाटली मातीत उलटी केली. शेवटचा थेंब पडेपर्यंत आई माइक धरून तिथंच उभी होती.